मुले काय पाहतात

मुलांवर संस्कार कोणते करावेत, हा प्रश्न शिबिरांतून वारंवार निघतो. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या घरात त्याचे उत्तर सापडते. त्यांनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला, त्याचे नाव यशवंत. जातिभेद खोटा आहे हे त्याला कोणी वेगळे शिकवण्याची गरजच नव्हती. त्याचे त्या घरात असणे हाच तो धडा होता. १८८९ साली त्याचा विवाहही सत्यशोधक पद्धतीने, भटजीवाचून झाला. पुढे १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा डॉक्टर झालेल्या यशवंताने शहराबाहेर दवाखाना चालविला आणि सावित्रीबाई तेथे रोगी पोचवू लागल्या. त्याच कामात त्यांना प्लेगने गाठले. १० मार्च रोजी त्या गेल्या. येथे कोणी कोणाला शिकविले, हे वेगळे काढता येत नाही.

आणि आपला कार्यकर्ता? तो हुंडाविरोधी ठराव मांडतो, आणि मुलाच्या लग्नात तोच पैसा ‘मानपान’ म्हणून घेतो. घरच्यांचा आग्रह होता, हे उत्तर ठरलेलेच! त्याच्या स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या बाईचा कप निराळा असतो, फळीच्या कोपऱ्यात उपडा ठेवलेला. मुले तो कप रोज पाहतात.