हनुवटीवरची दुसरी शस्त्रक्रिया

मराठी घरात हनुवटीला एक जिव्हाळ्याचे स्थान आहे. रुसलेल्या मुलाची समजूत घालताना आई त्याची हनुवटी धरते. विचारात गढलेला मनुष्य नकळत हनुवटीला हात लावून बसतो. जुन्या पिढीतील स्त्रिया हनुवटीवर गोंदण करून घेत. संस्कृतात ‘हनु’ म्हणजे जबडा; मारुतीचे एक नाव त्यावरूनच पडले. सूर्याकडे झेपावणाऱ्या बाल मारुतीवर इंद्राने वज्र टाकले, त्याची डावी हनु मोडली आणि तो हनुमान झाला, अशी रामायणातील कथा आहे. चेहऱ्यावरचे वैगुण्य त्या वीराने नावातच धारण केले आणि लोकांनी ते नाव पूज्य मानले.

सामान्य माणसाला हे साधतेच असे नाही. हनुवटी उपजत मागे असली की नाक मोठे भासते आणि गळा व चेहरा यांतील रेषा पुसट होते. कोणी त्यावरून चिडवते, आणि ते चिडवणे मनात घर करून राहते. हे वैगुण्य कमी करण्याचा उपाय आज शल्यवैद्यांच्या हाती आहे. हनुवटीच्या हाडावर सिलिकोनचा घडवलेला तुकडा बसवून तिला पुढे आणता येते. हे काम लहान आणि सहसा निर्धोक मानले जाते. खरा अवघड प्रश्न त्यानंतर उभा राहतो. झालेले काम मनासारखे वाटले नाही, तर पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी काय?

विषय डोळ्यांसमोर यावा म्हणून एका तरुणाची कल्पना करावी. तो मूळचा सातारा जिल्ह्यातला. नोकरीनिमित्त फरीदाबादला आलेला. दिल्लीच्या दक्षिणेला लागून असलेले हे शहर. जुने गाव जहांगीर बादशहाच्या काळात, 1607 साली शेख फरीद याने वसवले असे सांगतात. फाळणीनंतर, 1949 पासून वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी तेथे नवे नगर उभारले गेले. त्याच्या उभारणीसाठी नेमलेल्या मंडळाचे अध्यक्षपद डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्याकडे होते, आणि घरे बांधण्याच्या कामात त्या निर्वासितांचे स्वतःचे हात लागले. पुढे येथे ट्रॅक्टरचे, यंत्रांच्या सुट्या भागांचे कारखाने वाढले. अशाच एका कारखान्यात हा तरुण लेथवर काम पाहतो. चार महिन्यांपूर्वी त्याने दिल्लीत हनुवटीत रोपण करून घेतले. आता तो रोज सकाळी आरशासमोर उभा राहतो. हनुवटी अंमळ लांब झाली, किंचित डावीकडे झुकली, असे त्याला वाटते. गावाहून आलेली आई त्याला विचारते, “अजून दुखतं का रे बाळा?” आणि तो तिला विचारतो, “आई, कसं दिसतं?”

दुखते काय, आणि दिसते कसे, हे दोन निराळे प्रश्न आहेत. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी ते वेगळे करून घेणे, हे पहिले काम होय.

प्रथम दुखण्याचा प्रश्न. हनुवटीतील तुकडा एकतर तोंडातून, खालच्या ओठाच्या आतल्या बाजूने छेद घेऊन बसवतात किंवा हनुवटीखालच्या त्वचेतून. तो हाडाला लागून राहावा लागतो. जवळच, उपदाढांच्या मुळांखाली, हाडातील एका लहान छिद्रातून दोन्ही बाजूंनी एकेक मज्जातंतू बाहेर येतो आणि खालच्या ओठाला व हनुवटीला स्पर्शाची जाणीव देतो. शस्त्रक्रियेत तो ताणला गेला तर ओठ बधिर राहतो. बहुतेकांच्या बाबतीत ही बधिरता काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते. पण तुकडाच तंतूवर टेकला असेल, तर वाट पाहून भागत नाही. त्याचप्रमाणे वाढती सूज, लाली, ताप, जखमेतून पू येणे किंवा तुकडा तोंडात उघडा पडू लागणे ही लक्षणे दिसली, तर त्याच दिवशी शल्यवैद्याकडे गेले पाहिजे. अशा वेळी दुसरी शस्त्रक्रिया ही हौस राहत नाही, ते औषधच ठरते. रोपणावर जंतूंचा थर बसला की नुसत्या गोळ्यांनी तो सहसा हटत नाही. तुकडा काढावाच लागतो आणि नवा बसवण्यासाठी काही महिने थांबावे लागते.

दुखण्याचा आणखी एक प्रकार मूकपणे चालतो. तुकड्याच्या दाबाने त्याखालचे हाड थोडे झिजते, ही गोष्ट 1969 साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली. बहुतेकदा ही झीज अल्प असते आणि काही काळाने थांबते. तुकडा योग्य जागेपेक्षा वर, दातांच्या मुळांजवळ बसला असेल, तर मात्र तिच्याकडे लक्ष ठेवावे लागते. हे आरशात दिसत नाही. क्ष-किरणांच्या छायाचित्रात दिसते. म्हणून ‘सारे ठीक दिसते’ एवढ्यावर समाधान मानणे जसे पुरेसे नाही, तसेच ‘ठीक दिसत नाही’ एवढ्यावर घाबरून जाणेही योग्य नाही.

आता दिसण्याचा प्रश्न. येथे काळ हा मोठा साक्षीदार आहे. शस्त्रक्रियेनंतरची बरीचशी सूज काही आठवड्यांत उतरते, पण राहिलेली सूज पुरती ओसरण्यास महिने लागतात. ती दोन्ही बाजूंनी सारखी उतरेलच असेही नाही. त्यामुळे काही दिवस हनुवटी वाकडी वाटते. तुकड्याभोवती शरीर स्वतःचे एक पातळ आवरण विणते आणि ते स्थिरावण्यासही अवधी लागतो. म्हणून तातडीचे कारण नसेल, तर अंतिम रूपाविषयीचा निर्णय सहा महिने ते एक वर्ष लांबणीवर टाकावा, असेच अनुभवी शल्यवैद्य सांगतात. चार महिन्यांत निकाल देणारा मनुष्य अर्ध्या वाळलेल्या भिंतीचा रंग पाहून गवंड्याशी भांडतो.

आरसाही पूर्ण विश्वासू नव्हे. त्यात उजवे डावे आणि डावे उजवे होते. माणूस जन्मभर या उलट्या प्रतिमेशी परिचित असतो. छायाचित्रात सुलट चेहरा दिसला की तो परका वाटतो आणि पूर्वीपासून असलेली थोडीशी असमानता नवी भासते. फार जवळून काढलेल्या छायाचित्रात नाक मोठे आणि त्यामागचे भाग लहान दिसतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीची आणि नंतरची, एकाच अंतरावरून, एकाच प्रकाशात, समोरून आणि दोन्ही बाजूंनी घेतलेली छायाचित्रे शेजारी ठेवून पाहणे, हाच न्यायाचा मार्ग. पुष्कळदा ज्या वाकडेपणाचा दोष तुकड्याला दिला जातो, तो जबड्यात जन्मतःच असल्याचे तेथे उघड होते.

आणि कधी कधी दोष हनुवटीत नसतोच. इतरांना न दिसणारे किंवा अगदी क्षुल्लक वाटणारे वैगुण्य एखाद्याच्या मनाचा पूर्ण ताबा घेते. या विकाराचे वर्णन इटालियन वैद्य एन्रिको मोर्सेली यांनी एकोणिसाव्या शतकातच केले होते. असा मनुष्य तासन्‌तास आरशासमोर घालवतो, लोकांत जाणे टाळतो, पुनःपुन्हा तोच प्रश्न विचारतो. त्याचे दुःख खोटे नसते; ते शस्त्राने बरे होत नाही इतकेच. एक शस्त्रक्रिया झाली की त्याचे मन दुसरे वैगुण्य शोधते. त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवणारा शल्यवैद्य त्याचा अपमान करीत नाही, त्याच्यावर उपकारच करतो.

हे सारे तपासूनही तक्रार उरली, आणि ती नेमक्या शब्दांत सांगता आली, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार रास्त ठरतो. तुकडा सरकला आहे; चेहऱ्याच्या मानाने मोठा आहे; त्याची कडा बोटाला लागते; हसताना हनुवटीवर खळगे पडतात: या तक्रारी दुसऱ्यालाही पाहता येतात, मोजता येतात. ‘काहीतरी चुकले आहे’ ही भावना मात्र अजून तक्रार झालेली नसते. तक्रारीला नाव नसेल तर शल्यवैद्याने काय दुरुस्त करावयाचे?

येथे एका मोठ्या गैरसमजाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. ‘नाही आवडले, तर काढून टाकू, पहिला चेहरा परत मिळेल,’ असे अनेकांना वाटते. तो बहुधा जसाच्या तसा मिळत नाही. तुकड्यावर ताणलेली त्वचा आणि स्नायू, तो काढल्यावर पूर्ववत बसतीलच अशी खात्री नसते. खालचा ओठ वर धरणारा हनुवटीचा स्नायू सैल पडला, तर हनुवटीचा मांसल भाग खाली लोंबतो, खालचे दात अधिक दिसू लागतात. म्हणूनच तुकडा काढताना तो स्नायू पुन्हा हाडाशी नीट शिवून घेणे महत्त्वाचे असते. पदार्थाचाही प्रश्न आहे. सिलिकोनमध्ये ऊती शिरत नाहीत, त्यामुळे तो तुलनेने सहज निघतो. सच्छिद्र पॉलिएथिलीनमध्ये त्या वाढत जातात आणि तो सोडवणे कष्टाचे होते.

फरीदाबादच्या कारखान्यातील त्या तरुणाला हे सर्वांहून चांगले कळावे. लेथवर चढवलेला लोखंडाचा तुकडा थोडा जाड राहिला, तर पुन्हा तासता येतो. प्रमाणाबाहेर तासला गेला, तर भंगारात टाकून दुसरा घेता येतो. चेहऱ्याला ही सोय नाही. प्रत्येक छेदानंतर व्रण वाढतो, ऊती कठीण होतात आणि पुढच्या शल्यवैद्याचे काम अधिक अवघड होते.

तुकडा बदलण्याहून निराळा एक मार्ग आहे. हनुवटीचेच हाड आडवे कापून, पुढे सरकवून, धातूच्या पट्ट्यांनी स्थिर करता येते. हॉफर यांनी 1942 साली या कल्पनेचे वर्णन केले, आणि 1957 साली ट्राउनर व ओब्वेगेझर यांनी ते काम तोंडातून करण्याची पद्धत मांडली. यात परका पदार्थ नगण्य असतो आणि हनुवटीची उंचीही कमी-जास्त करता येते. मात्र शस्त्रक्रिया मोठी असते आणि मज्जातंतूला धोकाही अधिक. रोपण दोनदा बिघडलेल्यांसाठी हा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे.

पहिल्या कामानंतर सुधारणा करणे ही काही आजची गोष्ट नव्हे. तिचा एक दाखला पुण्यातला आहे. इंग्रजांच्या फौजेतील कावसजी नावाचा गाडीवान 1792 च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्यात विटा बनवणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून नवे नाक घडवले. दोन इंग्रज वैद्यांनी ही क्रिया पाहिली आणि 1794 साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिचा वृत्तान्त छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू यांनी 1814 साली लंडनमध्ये तीच क्रिया केली. त्या वृत्तान्तातील एक बारकावा आजच्या विषयाला लागू पडतो. कपाळाशी जोडलेला त्वचेचा पट्टा सुमारे पंचविसाव्या दिवशी कापावा आणि नाकाचे रूप सुधारण्यासाठी तेव्हा आणखी थोडी काटछाट करावी, असे त्यात सांगितले आहे. त्या पुणेरी कारागिराच्या कामात दुसरी पायरी आरंभापासूनच धरलेली होती. पण ती जखम जगल्याची खात्री पटल्यावर, तिच्या वेळीच यावयाची होती.

आजच्या रुग्णाच्या हाती त्या गाडीवानापेक्षा काही अधिक साधने आहेत. दुसऱ्या शल्यवैद्याकडे जाताना पहिल्या शस्त्रक्रियेची टिपणे, बसवलेल्या तुकड्याचा पदार्थ व माप, त्याच्या वेष्टनावरील क्रमांकाची चिठ्ठी आणि छायाचित्रे बरोबर असावीत. वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रे वैद्याने उपचाराच्या आरंभापासून तीन वर्षे जपावयाची असतात, आणि रुग्णाने मागितल्यास 72 तासांच्या आत द्यावयाची असतात. ही मागणी करण्यात संकोच बाळगू नये. ती भांडणाची सुरुवात नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली दिल्लीतील एका प्रकरणात असेही स्पष्ट केले की, एका क्रियेसाठी दिलेली संमती निराळ्या क्रियेसाठी धरता येत नाही. केवळ प्राणसंकटाचा अपवाद. म्हणून तुकडा काढावयाचा, बदलावयाचा की हाड सरकवावयाचे, आणि आत काही वेगळेच आढळले तर काय करावयाचे, हे शस्त्रक्रियेपूर्वी कागदावर उतरलेले असावे. ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा’ हे वाक्य विश्वासाचे असले, तरी संमतीचे नव्हे.

शल्यवैद्यालाही एक प्रश्न अवश्य विचारावा: “काहीच केले नाही, तर काय होईल?” उत्तर ‘हाड झिजेल’ किंवा ‘जंतुदोष पसरेल’ असे आले, तर थांबण्यात अर्थ नाही. उत्तर ‘आहे तसेच राहील’ असे आले, तर निर्णयाला वर्षभराची सवड आहे, आणि त्या वर्षात पुष्कळांची तक्रार सुजेबरोबर ओसरूनही जाते. ज्यांची ओसरत नाही, त्यांनी खुशाल दुसरी शस्त्रक्रिया करून घ्यावी. तीत लाज वाटण्यासारखे काही नाही. फक्त ती करताना आपल्याला काय दुरुस्त करून हवे आहे, ते एका वाक्यात सांगता आले पाहिजे. ते वाक्य तयार होईपर्यंत शस्त्राला विश्रांती द्यावी.