साष्टी कुणी सोडली नाही

आज इंग्रजांच्या जनरल थॉमस गोडार्डविषयी बोलायचं आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या मंडळींनी जरा जवळ येऊन ऐकावं, कारण हा माणूस पुणे दरबाराशी ज्या जमिनीपायी झगडला, तिच्यावरच तुमची घरं उभी आहेत. साष्टी! माहीमच्या खाडीपलीकडचं ते सगळं बेट.

चिमाजीअप्पांनी जिंकलेली वसई आपल्याला तोंडपाठ असते, आणि तिथंच आपण पुस्तक मिटतो. २८ डिसेंबर १७७४ ला इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी मराठ्यांकडून त्यांच्या हाती गेली, हे मात्र किती जणांना ठाऊक आहे? पुढची सात-आठ वर्षं सगळं याच बेटाभोवती फिरत राहिलं.

बोरिवलीला गाडीत चढून एखादा खिडकी पकडतो ना, तसं झालं. मग डब्यात किती का भांडणं होईनात. तो पिशवी मांडीवर घेईल, पाय आखडेल, बाकावर चौथ्याला जागाही करून देईल. खिडकी सोडणार नाही. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रजांची फौज कोंडली आणि साष्टी परत देण्याचा करार लिहून घेतला. मुंबईकर इंग्रजांनी तो साफ झुगारला. खिडकी सुटली नाही.

तेवढ्यात गोडार्ड पोहोचला. गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जनं बंगालमधून पाठवलेली फौज, वाटेत तिचा सेनापती लेस्ली वारला, सूत्रं गोडार्डकडे आली. बऱ्हाणपूर ते सुरत हे अंतर त्यानं अवघ्या वीस दिवसांत कापलं. शत्रूचा म्हणून हे कौतुक आपण लपवू नये. त्याच्याकडे तलवार होती तसा तहाची बोलणी करण्याचा अधिकारही होता. पुणे दरबारच्या नाना फडणीसांनी स्पष्ट सांगितलं: साष्टी द्या, पेशवाईसाठी तुमच्या आश्रयाला आलेल्या राघोबादादांना स्वाधीन करा. पहिली मागणीच त्याला मान्य होईना. पुन्हा सांगतो, पहिली मागणी साष्टीची होती. तुमच्या अंधेरीची, मुलुंडची.

मग १७८० च्या फेब्रुवारीत त्यानं अहमदाबाद घेतलं, डिसेंबरात वसई घेतली. वसई पडली त्याच सुमारास दुगाडला मराठा सरदार रामचंद्र गणेश धारातीर्थी पडले. आपण वज्रेश्वरीला गरम पाण्याच्या कुंडांवर जातो, मुलांना घेऊन जातो. जवळच्या दुगाडचं नाव त्यांना सांगतो का? सांगायला हवं हो!

१७८१ मध्ये गोडार्ड बोरघाट चढून आला, पुण्याला धाक घालायला. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांनी त्याची रसद तोडली, माणसं कापली. एप्रिलात त्याला पनवेलकडे माघार घ्यावी लागली. म्हणजे रणात आपण त्याला हटवलं.

तरी १७ मे १७८२ ला महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनं सालबाईचा तह झाला, तेव्हा काय झालं? वसई परत आली. साष्टी राहिली इंग्रजांकडे. वसईसारखी जागा सोडली, खिडकी ठेवली. पुरंदरच्या तहात १७७६ लाच साष्टीवरची आपली पकड कशी ढिली पडली होती, आणि म्हैसूरच्या हैदरअलीला सोबत घेऊन नाना कसे... पण आता घड्याळाचा काटा खुणावतोय. गोडार्ड पुढं १७८३ मध्ये मायदेशी परतताना जहाजावरच वारला. पुरंदरच्या तहाचं राहिलंच, ते कुणा जाणत्याकडून जरूर ऐका.