समुद्र न ओलांडता परदेशी वर्गात

१९१३ साली भीमराव आंबेडकर नावाचा एक तरुण न्यूयॉर्कला पोहोचला, तो बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड आणि मुदत तीन वर्षे, अशी ती शिष्यवृत्ती होती. तेवढ्या पैशांत त्या तरुणाने कोलंबिया विद्यापीठात केवढी विद्या संपादन केली, हे सर्वश्रुतच आहे. पुढे शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. त्यांचा ग्रंथसंग्रह ज्या जहाजातून येत होता ते जहाज पाणतीर लागून बुडाले. उरलेला अभ्यास पुरा करण्यासाठी पुन्हा लंडन गाठावयास १९२० साल उजाडले. एका बुद्धिमान विद्यार्थ्याला समुद्रापलीकडच्या वर्गात बसवावयाचे, तर एक राजा लागे, एक जहाज लागे आणि महिन्याकाठी मोजून येणारे पौंड लागत. तेही पुरत नसत.

आता असा एक मार्ग निघाला आहे की, ज्यात जहाजही नको आणि विमानही नको. विद्यार्थी बेळगावच्या किंवा म्हापशाच्या आपल्या खोलीत बसावा आणि त्याचे नाव मात्र परक्या देशातील विद्यापीठाच्या हजेरीपटावर असावे. या व्यवस्थेला ‘आभासी विद्यार्थी-विनिमय’ असे नाव पडले आहे. नाव काहीसे फसवे आहे. आभास म्हणजे जे नाही ते आहे असे भासणे. येथे परीक्षा खरी असते, गुण खरे असतात आणि जागरणे तर फारच खरी असतात. आभासी असतो तो केवळ प्रवास.

विद्यार्थी-विनिमयाची मूळ कल्पना साधी आहे. दोन विद्यापीठांनी करार करावयाचा. याचा विद्यार्थी एक सत्र तिकडे जाईल, त्याचा इकडे येईल. प्रत्येकाने फी भरावयाची ती आपापल्या घरच्या विद्यापीठात. युरोपात १९८७ साली इरॅस्मस या नावाने ही योजना मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. रॉटरडॅमच्या ज्या पंडिताच्या नावाची तीत आठवण आहे, तो सोळाव्या शतकात एका देशातून दुसऱ्या देशात हिंडत राहिला आणि जेथे जाता येईना तेथे त्याने पत्रे पाठविली. पत्रांनी त्याने सारा विद्वान युरोप एकत्र बांधला होता. त्या दृष्टीने पाहता घरी बसून परदेशी गुरूशी संवाद साधणे ही काही अगदीच नवलाची गोष्ट नव्हे.

तथापि २०२० साली ती गरजेची गोष्ट झाली. करोनाच्या साथीने देशोदेशींच्या सीमा बंद झाल्या आणि विनिमयाचे करार कपाटात पडून राहिले. त्या वर्षीच पॅसिफिक महासागराच्या काठावरील विद्यापीठांच्या संघटनेने हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठाच्या पुढाकाराने आभासी विनिमयाची योजना सुरू केली. महासागराच्या एका काठावरचा विद्यार्थी दुसऱ्या काठावरच्या विद्यापीठातील एखादा विषय घरूनच शिकू लागला.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. इंटरनेटवर कोणालाही मोकळे असलेले अभ्यासक्रम निराळे. २०११ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा असा एक वर्ग सर्वांस खुला केला, तेव्हा सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नावे घातली. शेवटास पोहोचले ते २३ हजारांच्या आसपास. ती जत्रा होती. जत्रेत कोण आला, कोण गेला, याची नोंद कोण ठेवतो? विनिमयाच्या वर्गात जागा मोजक्या असतात. प्राध्यापकाला नाव ठाऊक असते, गैरहजेरी लागते आणि मिळालेले गुण विद्यार्थ्याच्या स्वतःच्या गुणपत्रकात येऊन बसतात. ते चांगले असोत वा वाईट.

आणि मग घड्याळाचा प्रश्न येतो. घरी राहून परदेशी शिकणाऱ्याचा खरा प्रवास या घड्याळातूनच होतो. समजा, हाँगकाँगला सोमवारी सकाळी ९ वाजता वर्ग आहे. सप्टेंबरच्या आरंभी त्या क्षणी न्यूझीलंडमधील ऑकलंडला दुपारचा १ वाजलेला असतो, तर लॉस एंजेलिसला अजून रविवारच असतो, संध्याकाळचे ६. तेथील विद्यार्थी सोमवारचा धडा रविवारी शिकतो! आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसहा. पण एवढ्याने भागत नाही. सप्टेंबरच्या अखेरीस ऑकलंडची घड्याळे एक तास पुढे जातात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील एक तास मागे येतात. हाँगकाँगची आणि भारताची घड्याळे मात्र वर्षभर जागची हलत नाहीत. परिणामी एकाच वर्गाची वेळ एका सत्रात कोणासाठी बदलते, कोणासाठी बदलत नाही आणि ज्याने हे वेळेवर टिपून ठेवले नाही तो रिकाम्या पडद्यापुढे तासभर बसून राहतो.

साडेसहाची वेळ तशी बरी. लंडनची दुपार म्हणजे आपली तिन्हीसांज, तीही सोयीची. पण न्यूयॉर्कला संध्याकाळी ६ वाजता भरणारा वर्ग पानझडीच्या दिवसांत आपल्याकडे पहाटे साडेतीनला येतो. दोन खोल्यांच्या घरात, जेथे आजी त्याच खोलीत निजलेली आहे, तेथे पहाटे साडेतीनला इंग्रजीत मोठ्याने वाद कसा घालावयाचा? साडेसहाचा वर्गही जेथे नळाला पाणी नेमके त्याच वेळी येते तेथे निर्वेध पार पडत नाही. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याला निदान एक खोली तरी मिळते आणि तो अभ्यास करीत आहे हे साऱ्यांना मान्य असते. घरात बसलेल्या विद्यार्थ्याला दळण आणावयास कोणीही पाठवितो.

याखेरीज आणखी एक रीत आहे. तीत विद्यार्थी एकटा जात नाही. दोन देशांतील दोन वर्गच एकमेकांस जोडले जातात. न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठाने २००६ पासून या रीतीचा पद्धतशीर पाठपुरावा केला. दोन शिक्षक मिळून काही आठवड्यांचा पाठ आखतात आणि दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांच्या मिश्र तुकड्या एकच काम मिळून करतात. शिक्षकाचे कसब येथे पणाला लागते. एकीकडची मुले लगेच बोलू लागतात, दुसरीकडची मुले आधी कोणीतरी वडीलधाऱ्याने बोलण्याची वाट पाहतात. पहिल्यांना वाटते, यांना काही येत नाही. दुसऱ्यांना वाटते, यांना रीतभात नाही. दोन्ही समज चुकीचे आहेत हे उमगावयास दोन-तीन आठवडे जातात. काम पुरे होण्यापेक्षा हे उमगणे अधिक मोलाचे, असे ज्या शिक्षकाला वाटते त्याच्याच वर्गात ही रीत फळते.

आता हिशेबाची बाजू पाहू. युरोपातील पद्धतीप्रमाणे पूर्ण वर्षाचा अभ्यास ६० श्रेयांकांचा धरतात आणि एका श्रेयांकास २५ ते ३० तासांचे काम अपेक्षित असते. म्हणजे सहा श्रेयांकांच्या एका विषयास १५० ते १८० तास. आठवड्यातून दोन तास पडद्यापुढे बसले की झाले, या समजुतीने जो नाव घालतो तो पहिल्या महिन्यातच गळतो. याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, ते श्रेयांक घरच्या विद्यापीठात धरले जाणार का? भारतात ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक पदवीच्या एका सत्रात ४० टक्क्यांपर्यंत धरण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली मुभा दिली. परदेशी विद्यापीठांबरोबरच्या संयुक्त व दुहेरी पदव्यांचे २०२२ चे नियम मात्र ऑनलाइन व दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमांस लागू केलेले नाहीत. तेव्हा आपल्या विद्यापीठाचा त्या परदेशी विद्यापीठाशी करार आहे काय आणि कोणत्या विषयाच्या जागी कोणता विषय धरला जाईल, हे नाव घालण्याआधी लेखी मागून घ्यावे. तोंडी होकार सत्राच्या शेवटी कोणाला आठवत नाही.

हे सांगण्याचे कारण आहे. २०२० मध्ये चीनने परदेशी विद्यार्थ्यांस दारे लावली, तेव्हा तेथील वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणारे वीस हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी मायदेशी अडकले. दोन वर्षांहून अधिक काळ ते घरी पडद्यावर वैद्यक शिकले. त्यांच्या आईबापांनी कर्जे काढली होती, काहींनी जमिनी गहाण टाकल्या होत्या. परंतु रोग्याची नाडी पडद्यावरून पाहता येत नाही. केवळ ऑनलाइन घेतलेले वैद्यकीय शिक्षण मानण्यास राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर २०२२ च्या जुलैमध्ये, ३० जूनपर्यंत पदवी मिळविलेल्यांस परीक्षेला बसण्याची वाट मोकळी झाली. मात्र रुग्णालयातील उमेदवारी एका वर्षाऐवजी दोन वर्षांची करण्यात आली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये चीनने उरलेल्या विद्यार्थ्यांस पुन्हा परवाने देण्यास प्रारंभ केला. आयोगाचा निर्णय मुलांना जाचक वाटला, हे स्वाभाविक होते. पण त्या रोग्याच्या बाजूने पाहिले तर तो चुकीचा होता असे म्हणवत नाही. अर्थशास्त्र, इतिहास, गणित, भाषा हे विषय तारेवरून पुष्कळसे येतात. जे विषय हाताला शिकावे लागतात ते येत नाहीत.

आणि हातापलीकडचेही काही असते. कोलंबियाच्या दिवसांची आठवण करताना आंबेडकरांनी पुढे तेथील काही सहाध्यायी आणि ड्यूई, सेलिग्मन यांसारखे गुरुजन यांना आयुष्यात लाभलेल्या उत्तम मित्रांत गणले. जेथे आपली जात कोणाला ठाऊक नाही अशा गावात राहणे, चारचौघांबरोबर एका टेबलाशी जेवणे, हे त्यांना पाठ्यक्रमात नव्हते, पण मिळाले. घरी बसून शिकणाऱ्याला वर्ग संपताच तेच घर असते, तीच गल्ली आणि तीच माणसे. ज्याला त्या गल्लीपासूनच सुटका हवी आहे त्याची भूक पडदा भागवू शकत नाही.

उलट ज्याला गल्ली सोडताच येत नाही त्याचे काय? आजारी आईची शुश्रूषा करणारी मुलगी, संसाराची जबाबदारी शिरावर असलेला कारकून, पायांनी अधू असलेला विद्यार्थी यांच्यासाठी जहाज कधी निघालेच नव्हते. लंडन विद्यापीठाने १८५८ सालीच आपल्या परीक्षा बाहेरच्यांस खुल्या केल्या, त्या अशांसाठीच. नेल्सन मंडेलांनी दक्षिण आफ्रिकेच्या तुरुंगातून त्याच विद्यापीठाच्या कायद्याच्या पदवीचा अभ्यास केला. आपल्याकडे १९८२ साली हैदराबादेत पहिले मुक्त विद्यापीठ निघाले आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाणांच्या नावाचे, तेही याच वर्गासाठी. परदेशी विद्यापीठाच्या वर्गात एका सत्रापुरती का होईना जागा मिळणे, हा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा आहे.

नाव घालणाऱ्या विद्यार्थ्याने एक गोष्ट आरंभीच विचारून घ्यावी. यजमान विद्यापीठ सत्रापुरते खाते उघडून देते, आणि पुष्कळदा त्या खात्यातून तेथील ग्रंथालयाची नियतकालिके व पुस्तके वाचता येतात. सत्र संपले की ठरल्या तारखेस खाते बंद होते. या वेळी जहाज बुडत नाही, पण पुस्तके तशीच नाहीशी होतात. म्हणून नियमात जेवढे बसते तेवढे वाचून, टाचणे काढून, ती तारीख उजाडण्यापूर्वी आपल्या वहीत उतरवून ठेवलेले असावे.