फोटोतली तार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



निसर्गाच्या छायाचित्रांविषयी मी चार शब्द बोलावेत अशी आपली आज्ञा झाली. परंतु आरंभी एक कबुली देणे मला भाग आहे. गेल्या वर्षीच्या प्रदर्शनात माझ्या वेड्या राघूच्या फोटोला आपण पहिले बक्षीस दिलेत. तो पक्षी मला वेताळ टेकडीच्या पायथ्याशी, विजेच्या तारेवर बसलेला दिसला होता. तार डोळ्यांना खुपली, म्हणून घरी येऊन मी ती पुसून टाकली आणि दुसऱ्या फोटोतली बाभळीची फांदी त्याच्या पायांखाली आणून ठेवली. "कुठल्या झाडावर होता हो?" असे एका ताईंनी कौतुकाने विचारले, तेव्हा "बाभळीवर" असे सांगून मी मोकळी झाले. ते उत्तर मला वर्षभर टोचते आहे.

मग फोटोला हातच लावू नये की काय? तसे नव्हे. भाजी निवडावी, धुवावी, फोडणीला टाकावी. त्याने मेथीचा पालक होत नाही. पूर्वी डार्करूममध्येही उजेड कमीअधिक करीतच असत. अंधारलेला फोटो उजळणे, कडा कापणे ही झाली निवडणी. जे नव्हते ते आणणे आणि जे होते ते नाहीसे करणे, ही मात्र भेसळ होय. 'नॅशनल जिओग्राफिक'ने फेब्रुवारी १९८२ च्या अंकात, मुखपृष्ठावर मावावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले. एवढ्या मोठ्या मासिकाला त्याचा बोल लागला तो लागलाच.

काजव्यांचे पाहा. पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याची झाडे लुकलुकू लागतात. एकामागून एक काढलेले अनेक फोटो एकावर एक रचले, की सारी लुकलुक एकाच चित्रात उतरते. त्यातला एकही ठिपका खोटा नसतो. पण एका क्षणी डोळ्यांना तसे दिसत नाही. खाली तसे लिहिले, तर तक्रार नाही. न लिहिले, तर चित्र पाहून गेलेली मंडळी हिरमुसतात आणि जास्त काजवे शोधायला बॅटऱ्या घेऊन झाडांखाली शिरतात. लुकलुक ही काजव्याने जोडीदाराला घातलेली साद. आपल्या उजेडात ती बुडून जाते.

आता माझ्या तारेकडे येते. वेडा राघू अशाच उघड्या जागी बसून उडते किडे टिपतो. शहर त्याच्या किती जवळ आले, हे ती तारच सांगत होती. मी नेमकी तिचीच जीभ कापली. बालभारती ते पौड फाटा रस्त्याविरुद्ध २०२३ साली पुणेकर टेकडीसाठी रस्त्यावर उतरले. उद्या कोणी विचारले, "टेकडीवर आहे तरी काय?" तर आपले फोटोच साक्षीला उभे राहायचे. साक्षीदार एकदा खोटे बोलताना सापडला, की त्याचे खरेही कोणी ऐकत नाही.

म्हणून ते बक्षीस मी आज मंडळाला परत करीत आहे. मूळ फोटो, तारेसकट, दाराशी लावला आहे. जाताना अवश्य पाहावा. पुढल्या प्रदर्शनात प्रत्येक फोटोखाली "यात काय बदलले" ही एक ओळ असावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.