नाणेघाटाची वाट

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली; चूकभूल पोटात घालावी. वेरूळला येणाऱ्या पाहुण्यांना आपण लेणी दाखवतो, पण स्वतः गाव सोडून काही पाहायला निघत नाही. गेल्या माघात धाकट्या मुलाबरोबर मी जुन्नरजवळच्या नाणेघाटात गेले. "या वयात कशाला?" असे घरी सर्वांनी विचारले.

सातवाहनांच्या काळी आपल्या पैठणचा माल जनावरांच्या पाठीवरून याच घाटाने कोकणात उतरे. मुलाची सायकल माथ्यापर्यंत चालली. पुढे दगडी वाटेवर ती त्याने खांद्यावर घेतली. माथ्यावर जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण आहे. जवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. मला तो वाचता आला नाही, पण एका बाईचे नाव दगडावर टिकले हे पाहून हात जोडले गेले.

उतरताना गुडघे दुखले, मन मात्र हलके झाले. पुढच्या वर्षी आपण सगळ्याजणी जाऊ, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.