कुलूप केव्हां उघडतें?



पति-पत्नींचें एकच संयुक्त खातें आहे. शिल्लक ५,००० रुपये. दोघेंही निरनिराळ्या ठिकाणीं, एकाच क्षणीं, ४,००० रुपये काढूं पाहतात. दोघांच्याही मागणीला शिल्लक पुरेशी दिसते आणि पेढींतून ८,००० रुपये बाहेर पडतात! हा प्रमाद टळावा म्हणून डेटाबेसमध्यें कुलपाची योजना असते. खातें वाचतांनाच ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ म्हटलें कीं त्या ओळीला कुलूप लागतें. दुसरी मागणी दाराशीं थांबते, आणि कुलूप निघाल्यावर तिला दिसतात ते उरलेले १,००० रुपये.

हें काम पुष्कळदां सर्व्हरमध्येंच ठेवलेल्या फंक्शनकडे सोंपविलेलें असतें. मी बोलत आहें तें पोस्टग्रेसविषयीं. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत १९८६ सालीं सुरू झालेल्या प्रकल्पांतून तें निघालें. तेथें फंक्शन हा स्वतंत्र व्यवहार नव्हे. ज्या व्यवहारानें त्याला बोलाविलें, त्याच्याच पोटांत तें चालतें; ‘कमिट’ म्हणण्याचा अधिकार त्याला नाहीं. म्हणूनच फंक्शन संपलें तरी कुलूप उघडत नाहीं. तें उघडतें व्यवहार संपल्यावर.

हें मला उमगावयास एक रात्र खर्ची पडली. एका पतसंस्थेसाठीं सर्व खात्यांवर व्याज चढविणारें फंक्शन मीं लिहिलें होतें. एकेक खातें हिशेब होतांच मोकळें होत असेल, अशी माझी भाबडी समजूत! प्रत्यक्षांत पहिलें खातें शेवटचें खातें होईपर्यंत अडकून राहिलें, आणि सकाळीं खिडकीशीं रांग लागली. पुढें २०१८ सालच्या अकराव्या आवृत्तींत ‘प्रोसीजर’ आली. ‘कॉल’ म्हणून बोलाविल्यास तिला मधूनमधून कमिट करतां येतें. मात्र अगोदरच उघडलेल्या व्यवहाराच्या आंत तिला ही मुभा नाहीं.

आणखी एक कोंडी सांगतों. एकजण १२ क्रमांकाच्या खात्यांतून ४० मध्यें रक्कम पाठवितो, दुसरा ४० मधून १२ मध्यें. पहिल्यानें १२ धरलें, दुसऱ्यानें ४०. आतां दोघे जन्मभर एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतील. पोस्टग्रेस सामान्यतः एक सेकंद थांबून ही कोंडी हुडकतें व एकाचा व्यवहार रद्द करतें. त्यापेक्षां, देणारा कोणीही असो, लहान क्रमांकाचें खातें आधीं धरावें, हा नियम फंक्शनांतच घालावा. मग दुसरा १२ क्रमांकापाशींच थांबतो, आणि दोन्ही रकमा एकामागून एक सुखरूप पोहोंचतात.