धोलेऱ्याची ‘जुनी’ चिप

मंडळी, धोलेऱ्याला चिपचा कारखाना मंजूर झाला, तेव्हापासून आपल्या बडोद्यातल्या घरांतून एक टोमणा ऐकू येतो: जग 3 नॅनोमीटरवर पोचलं आणि आपण 28ची जुनी चिप करणार! आम्हांला तो पटत नाही.

2021 साली मोटारींचे कारखाने अडले ते अशाच जुन्या, स्वस्त चिप मिळेनात म्हणून. नुसता धंदा पाहिला तर तयार माल तैवानहून आणणं सोपं. तरी 91,000 कोटींच्या या प्रकल्पाचा निम्मा भार केंद्राने उचलला, कारण पुरवठा तुटण्याची भीती खरी आहे.

7 ऑक्टोबर 2022ला अमेरिकेने चीनला प्रगत चिप आणि त्यांची यंत्रं देण्यावर बंधनं घातली. 1 ऑगस्ट 2023पासून चीनने गॅलियम, जर्मेनियमच्या निर्यातीला परवाना लावला. दोघांनी सांगितलेलं कारण एकच, राष्ट्रीय सुरक्षा!

धोलेऱ्याचं तंत्रज्ञान तैवानच्या पॉवरचिपचं, यंत्रंही मुख्यतः परदेशी. मग चार भिंती उभ्या राहिल्या की आपण सुटलो, असं कसं म्हणायचं? चिप धुवायच्या आम्लात अशुद्धी अब्जात काही भाग इतकीच चालते. तसं आम्ल, तसे वायू इथेच तयार झाले पाहिजेत. आपल्याकडे नंदेसरी आहे, रसायनांत आयुष्य घालवलेली निम्मी मंडळी तर याच सभागृहात बसली आहेत! सरकारी पैसा त्या शुद्धतेच्या प्रयोगशाळांपर्यंतही यावा, ही मागणी बडोद्याने करायला हवी.